सरपंच, गावच्या काविळीची नोंद कुठे आहे?

महाराष्ट्रातल्या सर्व ग्रामपंचायतींच्या सरपंचांस,


हे पत्र आरोग्यमंत्र्यांना लिही, असं दोघातिघांनी सुचवलं. मंत्र्यांकडे पत्रं पुष्कळ जातात. शिवाय त्यांच्याकडे धोरण असतं, निधी असतो, पण तुमच्या गावच्या टाकीखालचा व्हॉल्व्ह फिरवायची चावी नसते. ती लांब दांड्याची चावी ज्याच्या सायकलला बांधलेली असते, तो माणूस तुमचा. टीसीएलची, म्हणजे पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या पावडरीची, गोणी तुमच्या कार्यालयात, पाइपलाइन खोदायची परवानगी तुमच्या सहीने आणि 15 ऑगस्टची ग्रामसभा तुमच्या अध्यक्षतेखाली. गावात कावीळ पसरायची की नाही, याचे निम्मे निर्णय राज्यातल्या सुमारे 28 हजार ग्रामपंचायतींच्या कार्यालयांत होतात. बहुतेक वेळा ते न घेऊनच होतात.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्यसेवक म्हणून नोकरीला लागलो आणि आरोग्य सहाय्यक म्हणून निवृत्त झालो. पाण्याचे नमुने घेणं, टीसीएल तपासणं, तापाच्या रुग्णांचं रक्त काचपट्टीवर घेणं, लसीकरणाच्या दिवशी डबा घेऊन उपकेंद्र गाठणं, हे माझं काम. मी डॉक्टर नाही. पण गावात पहिला पिवळा डोळा कुणाला दिसतो, तर घरच्यांना. दुसऱ्यांदा दिसतो कावीळ उतरवणाऱ्याला. आणि डॉक्टरला दिसेपर्यंत गल्लीत पाच-सहा घरं धरलेली असतात, हे मी बघत आलो.

आधी एक उलगडा, कारण ग्रामसभेत हा घोळ हमखास होतो. कावीळ हे लक्षण आहे. डोळे, लघवी, कातडी पिवळी होणं म्हणजे बहुधा यकृत सुजलं किंवा पित्ताची वाट अडली. यकृताला सूज आणणारे मुख्य विषाणू पाच: ए, बी, सी, डी आणि ई. यातले ए आणि ई पोटातून येतात, म्हणजे दुसऱ्याची विष्ठा पाण्यातून आपल्या तोंडात जाते तेव्हा. सभ्य शब्द वापरून मी आयुष्यभर हेच सांगत राहिलो आणि लोकांनी ‘पाणी जरा गढूळ आलं होतं’ एवढंच ऐकलं. बी, सी आणि बीच्या आधारानेच जगणारा डी हे रक्तातून, सुईतून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाकडे जातात. ए आणि ईची साथ येते, बोभाटा होतो, पेपरात येतं. बी आणि सीची साथ सहसा दिसत नाही. ते वीस-वीस वर्षं मुकाट बसतात आणि मग एखाद्या धडधाकट माणसाच्या पोटात पाणी साठतं, तेव्हा लोक म्हणतात, दारू प्यायचा का हो? तो पीतही नसतो.

पाण्याच्या काविळीकडे आधी वळतो, कारण ती सरळ तुमच्या अखत्यारीत येते.

दिल्लीत 1955 च्या अखेरीस काविळीची जी साथ आली, तिच्यात 29 हजारांच्या वर लोक पिवळे पडले. यमुनेने पात्र बदललं आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी वझिराबादच्या उपशाच्या ठिकाणापर्यंत मागे आलं. पाणी खराब आहे हे अधिकाऱ्यांना कळलं होतं, त्यांनी क्लोरीन वाढवलंही. त्यामुळे जुलाब-विषमज्वराची साथ आली नाही; कावीळ मात्र आली. तेव्हाच्या जाणकारांनी तिला हिपॅटायटिस ए मानलं. जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून कित्येक वर्षांनी कळलं की ते वेगळंच काही होतं. मग 1978 च्या हिवाळ्यात काश्मीर खोऱ्यातल्या सुमारे दोनशे गावांत अशीच साथ उसळली. डॉ. महम्मद सुलतान खुरू या तरुण डॉक्टरांनी गावोगाव फिरून ती नोंदवली: 52 हजार रुग्ण आणि 1,700 मृत्यू. गरोदर बायका इतरांच्या तुलनेत फार मोठ्या प्रमाणात मरताहेत, हे त्यांच्या नजरेत भरलं. तोच रोग पुढे हिपॅटायटिस ई म्हणून ओळखला गेला. म्हणजे या रोगाची ओळख जगाला पटली ती आपल्याच देशातल्या खेड्यांतून, कुठल्या बड्या शहरातल्या प्रयोगशाळेतून नव्हे. आपल्याकडचंच उदाहरण घ्यायचं तर 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत याच विषाणूने हजारो लोकांना अंथरुणावर पाडलं, काहींचा जीव गेला आणि पंचगंगेच्या प्रदूषणावर बरीच चर्चा झाली. इचलकरंजी शहर होतं म्हणून निदान चर्चा तरी झाली. अठराशे वस्तीच्या गावात चाळीस जण पिवळे पडले तर तालुक्याच्या पानावर चार ओळीही येत नाहीत.

गावात हा विषाणू शिरतो कसा, ते तुमच्या डोळ्यांदेखत घडत असतं. आपल्याकडे चोवीस तास पाणी क्वचितच असतं. सकाळी तासभर, कुठे दिवसाआड, उन्हाळ्यात चार दिवसांनी. पाणी सुटलेलं असतं तोवर पाइपात दाब असतो आणि फट असली तर पाणी बाहेर पडतं. पाणी बंद झालं की दाब संपतो आणि त्याच फटीतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. आता बाहेर काय आहे बघा. बहुतेक गावांत पाइपलाइन गटाराच्या कडेने जाते, कारण खोदायला तीच जागा सोपी पडते. व्हॉल्व्हचा खड्डा गटाराच्या पातळीच्या खाली, झाकण केव्हाच गेलेलं, आत गुडघाभर काळं पाणी आणि त्या पाण्यात बुडालेला व्हॉल्व्ह. त्याचं पॅकिंग झिजलेलं. त्यात पाणी सुटलं रे सुटलं की गल्लीतली दहा-बारा घरं नळाला थेट टुल्लू पंप लावतात. ज्याचा पंप मोठा त्याची टाकी भरते आणि ज्याच्याकडे पंप नाही त्याच्या तोटीतून नुसती हवा येते. ती हवा म्हणजे पाइप आतून शोषला जातोय याची खूण. टुल्लू पाणी ओढतो तसा गटारही ओढतो, त्याला फरक कळत नाही.

टुल्लूवर कारवाई करणारा सरपंच मी फार क्वचित पाहिला. कारण सोपं आहे, निम्मे टुल्लू सदस्यांच्याच घरी असतात.

यात एक गोष्ट अशी आहे की ती माहीत नसेल तर साथीचा माग हाती लागतच नाही. हिपॅटायटिस ईचा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते आठ आठवडे लागतात, सरासरी चाळीस दिवस धरा. म्हणजे आज पाच घरांत कावीळ निघाली तर दोषी पाणी आजचं नसतं, महिना-सव्वा महिन्यापूर्वीचं असतं. तोवर फुटलेली लाइन जोडून झालेली असते, खड्डा बुजलेला असतो, पाऊस येऊन गेलेला असतो. आम्ही जाऊन नमुना घेतो, प्रयोगशाळेचा शेरा येतो ‘पिण्यास योग्य’ आणि सरपंच तो कागद सगळ्यांना दाखवतात. त्या तपासणीत विषाणू मोजतच नाहीत. विष्ठेतले जिवाणू आहेत का एवढंच बघतात, तेही त्या दिवशीच्या पाण्यात. म्हणून साथ आली की पाण्याच्या बाटलीआधी पाणी सोडणाऱ्याला बोलवा आणि विचारा, पाच-सहा आठवड्यांपूर्वी काय झालं होतं? लाइन कुठे फुटली, कुणाची जोडणी नव्याने दिली, जेसीबी कुठे फिरला, कुठल्या गल्लीतून ‘पाण्याला वास येतोय’ अशी तक्रार आली? त्याला सगळं आठवतं. त्याला कुणी विचारत नाही, एवढंच. माझ्या मते दुरुस्तीची तारीख आणि जागा लिहिणारी एक साधी वही ग्रामपंचायतीत असणं हे दहा जनजागृती फेऱ्यांपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

वहीचा विषय निघालाच आहे तर ओटीच्या रजिस्टरबद्दलही बोलतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात ओटीचे थेंब टाकायचे आणि पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे असं समजायचं. आमच्या धंद्यात हवाहवासा वाटणारा पिवळा रंग हा एवढाच. गावच्या शेवटच्या नळालाही लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं, साथीच्या काळात 0.5. ही तपासणी रोज, वेगवेगळ्या टोकांना करायची आणि लिहायची. एका गावात मी रजिस्टर उघडलं तर अख्ख्या महिन्याच्या नोंदी एका पेनाने, एका बैठकीत, एकाच आकड्याच्या होत्या. त्यात दोन दिवस असेही होते की डीपी जळाल्यामुळे गावात वीज नव्हती आणि टाकीच भरली नव्हती. टाकी रिकामी, पण नोंद 0.2. मी तपासणी करणाऱ्या जलसुरक्षकाकडे नुसतं पाहिलं. तो म्हणाला, “साहेब, पाच महिने मानधन नाही.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते तुमच्याकडे असायला हवं.

टीसीएलची गत तशीच. चांगल्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं आणि हजार लिटर पाण्याला साधारण पाच ग्रॅम लागते. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं आणि किमान अर्धा तास थांबून मगच पाणी सोडायचं. पण गोणी एकदा उघडली, सुतळीने अर्धवट बांधली आणि दमट खोलीत ठेवली की क्लोरीन उडून जातं आणि उरतो चुना. तुमच्या कार्यालयातल्या त्या खोलीच्या दाराच्या बिजागऱ्या बघा. गंजून पार खाल्ल्या असतील तर जे क्लोरीन पाण्यात जायचं ते बिजागऱ्यांनी घेतलं. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या स्रोतांचं सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. हिरवं कार्ड फ्रेम करून खुर्चीमागे लावलेलं मी पाहिलं आहे आणि त्याच खोलीत चुना झालेली गोणीही पाहिली आहे.

आणि निधी नाही असं कृपया म्हणू नका. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता. पेव्हर ब्लॉक दिसतात, कमानी दिसतात, उद्घाटन करता येतं. जमिनीखालच्या व्हॉल्व्हचं पॅकिंग बदललं तर नारळ कुठे फोडायचा? अडचण ही आहे.

गरोदर बायकांबद्दल वेगळं सांगायला हवं. हिपॅटायटिस ईने एरवी शंभरातला एखादाच माणूस दगावतो, बाकीचे चार-सहा आठवड्यांत उठून कामाला लागतात. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हीच कावीळ झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका जातात. असं का होतं, याचा पुरता उलगडा अजून झालेला नाही, पण काश्मीरपासून पुढे साथीमागून साथीत हे दिसलं आहे. भारतात यावर उपलब्ध अशी लस नाही. म्हणून गावात पहिला रुग्ण निघाला त्याच दिवशी आशाताईंकडून सात-आठ-नऊ महिन्यांच्या गरोदर बायकांची यादी घ्या. ती यादी त्यांच्या वहीत तयारच असते. त्या घरांत त्याच संध्याकाळी निरोप जाऊ द्या की पाणी खळखळून उकळूनच प्यायचं. तुरटी फिरवून किंवा फडक्याने गाळून हा विषाणू जात नाही. सासूला सांगा, सुनेला सांगून उपयोग नसतो. गॅस किती जळतो याचा हिशेब सासूकडे असतो.

आता उतरवणाऱ्यांकडे येतो. इथे मी कुणाची टिंगल करणार नाही. प्रत्येक पंचक्रोशीत कावीळ उतरवणारा एक तरी असतो. कुणी हात चुन्याच्या पाण्यात धुवायला लावतो आणि पाणी पिवळं होतं. त्याआधी हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो, चुन्याशी गाठ पडली की तो पिवळा होतो, निरोगी माणसाच्या हातावरही होतो. कुणी गळ्यात काड्यांची माळ घालतो आणि ती दिवसागणिक लांब होते. काड्या सुकून बारीक होतात, गाठी सैल होतात, माळ लोंबते. हे जत्रेतल्या हातचलाखीइतकं निरुपद्रवी असतं तर मी कागद खर्च केला नसता. पण कुणी नाकात देवडांगरीचा रस सोडतो आणि नाकातून पाण्याच्या धारा लागतात, कुणी तापल्या सळईने डाग देतो, कुणी तेल, तूप, डाळ सगळं बंद करून महिनाभर उसाच्या रसावर ठेवतो. गरोदर बाईला महिनाभर उसाचा रस! आणि रस्त्याकडेच्या गुऱ्हाळात त्या रसात पडणारा बर्फ कुठल्या पाण्याचा असतो, हेही कुणी विचारत नाही.

लोक त्याच्याकडे का जातात, याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. ए आणि ईची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते. त्यावर विषाणू मारणारं खास औषध डॉक्टरकडेही नसतं, डॉक्टर म्हणतो आराम करा, जेवत राहा, मनाने गोळ्या घेऊ नका. उतरवणारा निदान काहीतरी करून दाखवतो आणि बरं झाल्याचं श्रेय त्यालाच जातं. तो अमावस्येला की रविवारी बसतो हेही गावाला पाठ असतं. आरोग्य केंद्रात रक्त तपासायला माणूस कधी असतो हे मात्र विचारत फिरावं लागतं.

माझा मुद्दा पुढचाच आहे. त्याच्याकडे गेलेल्या रुग्णाची नोंद कुठेच होत नाही. साथरोग सर्वेक्षणाच्या कागदावर तुमचं गाव कोरं असतं. त्याच्या अंगणात एका रविवारी एकाच गल्लीतले चार जण बसलेले असतात. जिल्ह्यात कुणाकडेही नसलेली माहिती त्याच्याकडे असते. मी एका उतरवणाऱ्याशी समेट केला होता: तुम्ही तुमचं करा, पण आलेल्या माणसाचं गाव आणि गल्ली मला फोनवर सांगा, आणि जो असंबद्ध बोलतो, दिवसा झोपतो नि रात्री जागतो, ज्याच्या हिरड्यांतून रक्त येतं किंवा जी बाई गरोदर आहे, अशांना हात न लावता दवाखान्यात पाठवा. त्याने शब्द पाळला. आमच्या वरिष्ठांना हे आवडलं नाही, अंधश्रद्धेला मान्यता दिल्यासारखं होतं म्हणाले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण त्या उन्हाळ्यात एका वस्तीवरची साथ आम्हाला चौथ्या रुग्णालाच कळली, चाळिसाव्याला नाही. तुमच्या गावात काय करायचं ते तुम्ही ठरवा.

आता दुसरी कावीळ, जी बहुधा पिवळी दिसतही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार भारतात 2022 साली सुमारे 2 कोटी 98 लाख लोकांच्या शरीरात हिपॅटायटिस बी होता आणि 55 लाखांच्या शरीरात हिपॅटायटिस सी. आपल्याच सरकारने देशभरातल्या रक्तनमुन्यांवरून काढलेलं बीचं प्रमाण याहून कमी, शंभरात एकाच्या आसपास आहे. दोन्ही अंदाज धरले तरी तीन हजार वस्तीच्या गावात हिपॅटायटिस बी बाळगणारी तीस ते साठ माणसं निघतात. त्यांतली कोण कोण, हे तुम्हाला ठाऊक नाही, मला नाही आणि मुख्य म्हणजे त्यांनाही नाही. त्याच अहवालाप्रमाणे भारतात बी असलेल्या शंभरांपैकी तिघांचंही निदान झालेलं नाही.

ही माणसं बाधित झाली कशी? पुष्कळांना जन्मताच आईकडून मिळाला. मोठ्या माणसाला हिपॅटायटिस बी झाला तर बहुतेक वेळा शरीर तो हुसकून लावतं, शंभरातल्या पाचांपेक्षाही कमी जणांत तो कायमचा राहतो. नवजात बाळाला झाला तर शंभरातल्या नव्वदांत कायमचा राहतो आणि त्यांतल्या काहींचं चाळिशी-पन्नाशीत यकृत सुकतं किंवा त्यांना कर्करोग होतो. म्हणून बाळाला जन्मल्यापासून 24 तासांच्या आत लसीचा पहिला डोस द्यायचा असतो. पुढे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे पेंटाव्हॅलंटचे डोस आहेतच, पण त्या पहिल्या डोसची जागा ते घेत नाहीत. दवाखान्यातल्या बाळंतपणात तो बहुधा मिळतो. चुकतो तो घरी, वाटेत, गाडीत जन्मलेल्या बाळांचा. आणि ऊसतोड कामगारांच्या कोपीवर जन्मलेल्यांचा.

ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास तुमच्या शिवारात उतरतात. बीड, नगर, जालन्याकडच्या या टोळ्यांतल्या बायका फडात काम करतात, कोपीत राहतात आणि कॅनॉलचं नाहीतर कुणाच्या विहिरीचं, जे मिळेल ते पाणी पितात. शौचाला उसातच जातात. म्हणजे पाण्याची कावीळ आणि रक्ताची कावीळ, दोन्हींचा धोका एकाच कोपीत. तुमच्या गावच्या यादीत त्यांचं नाव नसतं, त्यांच्या गावची आशाताई दोनशे किलोमीटरवर असते. कारखाना तुमच्या हद्दीत असेल, निदान फड तरी असेलच. टोळी आली की मुकादमाकडून गरोदर बायकांची नावं घेऊन उपकेंद्राला द्यायला ठराव लागत नाही, एक फोन लागतो. आणि टँकरचा एक नळ त्यांच्या वस्तीजवळ उभा करायला फार तर सदस्यांची कुरकुर ऐकावी लागेल.

सुईबद्दल बोलायचं तर आपणच दोषी आहोत. सलाइन लावल्याशिवाय अशक्तपणा जात नाही आणि इंजेक्शन दिलं नाही तो डॉक्टरच नव्हे, ही समजूत गावाची आहे आणि ती पुरवणारेही गावातच आहेत. या शतकाच्या सुरुवातीला झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशात वर्षाला सुमारे 300 कोटी इंजेक्शनं दिली जात होती आणि त्यांतली निम्म्याहून जास्त असुरक्षित होती. त्यानंतर सुधारणा झाली, एकदाच वापरता येणाऱ्या सिरिंज आल्या. तरी 2009 मध्ये गुजरातेत साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा परिसरात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बीची साथ आली आणि डझनावारी माणसं मेली. बीची उघड साथ आली, इतकं ते प्रकरण बेसुमार झालं होतं. दवाखान्यात बसलात तर एवढंच बघा, पाकीट तुमच्यासमोर फोडलं की नाही. सलाइनच्या बाटलीत खुपसून ठेवलेली सुई दिसली तर उठून घरी या. जत्रेत एकाच सुईने आणि एकाच वाटीतल्या शाईने तीस जणांच्या हातावर नावं गोंदतात, त्याला बसायला जागा तुमची पंचायत देते आणि पावतीही फाडते. त्या पावतीवर ‘प्रत्येकाला नवी सुई’ अशी अट घालणं तुमच्या हातात आहे. न्हाव्याच्या दुकानात ब्लेड बदलतात की नाही, हे तर रोज दाढीला बसणारे तुम्ही स्वतः बघू शकता. सुकलेल्या रक्तातही हिपॅटायटिस बीचा विषाणू आठवडाभर तग धरतो.

हिपॅटायटिस सीवर लस नाही, पण उपाय आहे आणि तो इतका चांगला आहे की जुन्या लोकांना खरा वाटत नाही. बहुतेकांना बारा आठवड्यांच्या गोळ्या लागतात आणि शंभरातले पंच्याण्णव पूर्ण बरे होतात. बी पुरता जात नाही, पण ज्यांना गरज आहे त्यांना रोजच्या एका गोळीने यकृत वाचवता येतं. 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं, दोन्ही फुकट आहेत. जिल्हा रुग्णालयात सोय आहे. मात्र तिथे जाणारा माणूस क्वचितच खेड्यातून येतो, कारण त्याला जायचं कारणच कुणी दिलेलं नसतं. 2001 च्या आधी ज्यांना रक्त चढवलं, ज्यांचं डायलिसिस चालू आहे, ज्यांच्या घरात कुणी यकृताच्या आजाराने गेलं आणि ज्यांनी वर्षानुवर्षं सुया टोचून घेतल्या, त्यांनी तरी एकदा रक्त तपासावं. प्राथमिक आरोग्य केंद्राला पत्र देऊन गावात तपासणीचं शिबिर मागता येतं.

शिबिर घेतलंत तर एका गोष्टीची खबरदारी घ्या. निकालाची यादी सदस्यांच्या हातात जाता कामा नये, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर तर नाहीच. एका गावात तसं झालं आणि एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. हिपॅटायटिस बी एका ताटात जेवल्याने, पंगतीला शेजारी बसल्याने, पाणी भरल्याने, मुलाला कडेवर घेतल्याने होत नाही. नवऱ्या-बायकोत होऊ शकतो, त्याला लस आहे. लग्नाआधी तीन डोस घेतले की काम झालं. त्या मुलीच्या सासरच्यांना हे सांगायला मी गेलो तेव्हा त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि दुसरीकडे सोयरीक जमवली.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेची विषयपत्रिका ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) तयार करतीलच. ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात हे ढकलू नका, तोवर लोक उठून गेलेले असतात. झेंडावंदन झाल्यावर लगेच, सगळे हजर असताना, पाणी सोडणाऱ्याला पुढे बोलवा आणि गावातले किती व्हॉल्व्ह गटारात बुडालेले आहेत ते त्याला मोठ्याने सांगू द्या. मग त्याचं थकलेलं मानधन किती महिन्यांचं आहे, तेही सांगू द्या.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यक